नोटीस कोणाच्या पत्त्यावर पाठवायची?

चिंचवडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. नवरा 22 वर्षं एका वाहन कंपनीत परमनंट. मुलाने डिप्लोमा केला, चाकणला ठेकेदाराकडे सव्वा वर्ष काढलं, आणि आता दोन वर्षं तो ॲपवरच्या खाण्याच्या ऑर्डरी पोचवतो. नवरा म्हणतो, या ॲपवाल्यांनी नोकरी संपवली, उद्या आमच्या कंपनीतही हेच येणार. मुलगा म्हणतो, ठेकेदारापेक्षा हे बरं. ताई विचारतात, यात खरं कोणाचं? आणि मुलाच्या मागे कायदा म्हणून काही उभा आहे का?

ताई, मुलाचं म्हणणं जास्त खरं आहे. मी 27 वर्षं पुण्यात कामगारांच्या बाजूने वकिली करतोय, त्यामुळे माझ्याकडून तुम्ही वेगळ्या उत्तराची अपेक्षा केली असेल. पण कायम नोकरी मोडली ती ॲप यायच्या बरीच आधी. कशी मोडली ते कळल्याशिवाय तुमच्या मुलाची आजची अडचणही नीट कळायची नाही, म्हणून थोडं मागे जातो.

गिरणगावात ज्यांचं कोणी होतं त्यांना बदली कामगार ठाऊक असेल. पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायमवाला आला नाही तर त्याच्या जागी काम मिळायचं, आला तर आल्या पावली घरी. आजचा रायडर डार्क स्टोअरबाहेर, म्हणजे ॲपवाल्यांच्या गोदामाबाहेर, गाडीवर बसून मोबाईलकडे बघत असतो तेव्हा मला तेच गेट दिसतं. फरक एवढाच की बदलीवाल्याचं नाव गिरणीच्या हजेरीपटावर असायचं, आणि त्या पटाला कायद्यात किंमत होती. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफच्या, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवण्याच्या, भरपाईच्या कलमाखाली स्पष्टीकरण होतं: बदली कामगाराचं वर्षभराचं सलग काम भरलं की त्या कलमापुरतं त्याला बदली समजायचं नाही. आमच्या धंद्यात 240 दिवसांचा आकडा एवढा बोलला जातो तो या ‘सलग वर्षा’मुळे: तेवढे दिवस भरले की वर्ष सलग धरायचं. शिडी अरुंद होती, पण होती.

महाराष्ट्राने पुढे आणखी एक पायरी घातली. 1971 चा मान्यताप्राप्त संघटनांचा आणि अनुचित कामगार प्रथांचा कायदा, ज्याला कोर्टाच्या आवारात सगळे नुसतं ‘यूएलपी’ म्हणतात. त्याच्या चौथ्या परिशिष्टातली सहावी बाब सांगते, की कायमपणाचे फायदे बुडवण्याच्या हेतूने माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा टेम्पररी ठेवणं ही अनुचित प्रथा आहे. सात महिन्यांनी ब्रेक देऊन पुन्हा घेतलेल्या कितीतरी पोरांना या एका बाबीने परमनंट केलंय. तुमच्या यजमानांच्या कंपनीतल्या जुन्या लोकांना विचारा, दोन-चार जण नक्की भेटतील.

मालकांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे ठेकेदार. माणूस आपल्या पटावर घ्यायचाच नाही. आणि 2001 या एका वर्षात सर्वोच्च न्यायालयाने तीन निकाल असे दिले की त्या तोडग्याला पक्का पाया मिळाला. सेलच्या, म्हणजे स्टील ॲथॉरिटी ऑफ इंडियाच्या, खटल्यात न्यायालय म्हणालं, सरकारने एखाद्या कामावर कंत्राटी पद्धत बंद केली तरी कंत्राटी कामगार आपोआप मुख्य मालकाचा, म्हणजे ठेका देणाऱ्या कंपनीचा, कामगार होत नाही. कल्याणी स्टील्स आणि सिप्लाच्या खटल्यांत सांगितलं, की ‘मी या कंपनीचा कामगार आहे’ हे नातंच वादात असेल तर यूएलपीची तक्रार चालणार नाही. आधी दुसरीकडे जाऊन नातं सिद्ध करून या. म्हणजे कंपनीने जबाबात ‘हा आमचा माणूस नाही’ एवढं लिहिलं की आमची तक्रार दारातच अडली. त्या वर्षी माझ्या टेबलावर ज्या फायली होत्या त्यांतल्या निम्म्या मी स्वतः अशिलांना सांगून मागे घेतल्या. स्मार्टफोन तेव्हा कोणाच्या खिशात नव्हता.

यजमानांना एवढंच सांगा, की ॲपने कायम नोकरीचा खून केला नाही. ते प्रेत आधीच पडलेलं होतं. ॲपने पुढचं केलं: ठेकेदारालाही मधून काढून टाकलं.

ठेकेदार कितीही लबाड असो, त्याला एक नाव असतं. लायसन्स असतं, फंडाचा कोड नंबर असतो. त्याने फंड बुडवला तर मुख्य मालकाच्या मानेवर येतं. मी नोटीस दोघांनाही काढतो, आणि दोघांपैकी एकाला घाम फुटतोच. रायडरच्या बाबतीत नोटीस कोणाला काढू? ॲपची कंपनी म्हणते, आम्ही फक्त तंत्रज्ञान पुरवतो, हा आमचा ‘पार्टनर’. हॉटेलवाला म्हणतो, मी या पोराला ओळखतही नाही. ऑर्डर देणाऱ्या गिऱ्हाइकाचा तर प्रश्नच नाही.

माझ्याकडे आलेल्या एका मुलाचं सांगतो. चार वर्षं काम, रेटिंग चांगलं, एका सकाळी आयडी बंद. कारण म्हणून चॅटवर एक ओळ: नियमभंग. कुठला नियम, कधी, काही नाही. शेवटच्या आठवड्याचे सहा हजारांच्या आसपास पैसे अडकलेले. मी त्यांच्या पुण्यातल्या ऑफिसला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, ती ‘या पत्त्यावर नाही’ म्हणून परत आली. ती भाड्याची बसायची जागा होती, महिनाभरापूर्वी सोडलेली. करार काढून बघितला, तर वाद झाल्यास लवाद आणि तोही दुसऱ्या राज्यातल्या शहरात. सहा हजारांसाठी कोण जाणार? पोराने दुसऱ्या ॲपवर आयडी काढला आणि तो विषय तिथेच संपला. त्या फाईलवर मी अजूनही ‘प्रलंबित’ लिहून ठेवलंय, वेडेपणाच आहे म्हणा.

आता कोणी म्हणेल, पोरं पाहिजे तेव्हा लॉगिन करतात, पाहिजे तेव्हा बंद करतात, मग हे कामगार कसले? याचं उत्तर आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये एका शिलाईच्या दुकानाच्या खटल्यात देऊन ठेवलंय. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस. तिथले शिंपी नगावर पैसे घेत, वेळेचं बंधन नव्हतं, काही जण दुसऱ्या दुकानांचंही काम करत. मालक म्हणाला, हे माझे नोकर नाहीत. न्यायालयाने बघितलं ते वेगळंच: शिवलेला कपडा नापसंत करून पुन्हा शिवायला लावायचा अधिकार कोणाकडे आहे? तो मालकाकडे, म्हणजे नियंत्रण मालकाचं, म्हणजे हे त्याचे कामगार. एक माणूस दोन मालकांचा कामगार असू शकतो, हेही त्यात आलं. 1985 मध्ये पी. एम. पटेलच्या खटल्यात तोच धागा घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांपर्यंत गेला आणि त्यांना प्रॉव्हिडंट फंड लागू झाला. सोलापुरातल्या हजारो घरांत फंडाचा नंबर आला तो घरात मालक बघायला येत नसताना. विडी चांगली की वाईट हे ठरवून ती बाजूला टाकायचा अधिकार त्याच्याकडे होता, तेवढं पुरलं.

रायडरची विडी कोण तपासतं? भाव ॲप ठरवतं, रस्ता ॲप दाखवतं, तीन ऑर्डरी नाकारल्या की पुढच्या ऑर्डरी कोण कमी करतं हे पोरांना पक्कं माहीत असतं, आणि शिक्षा म्हणून आयडी ॲपच बंद करतं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये उबरच्या चालकांबाबत नेमकं हेच बघितलं: करारात काय लिहिलंय ते बाजूला ठेवा, प्रत्यक्षात ताबा कोणाचा आहे ते पाहा. त्यांना किमान वेतन आणि पगारी रजा मिळाली. आपल्याकडे ॲपवरच्या चालकांच्या महासंघाची याचिका 2021 मध्येच सर्वोच्च न्यायालयात दाखल झालीय. पण तोवर आपल्या संसदेने वेगळी वाट धरली होती.

ती वाट म्हणजे सामाजिक सुरक्षा संहिता, 2020. जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चार संहितांपैकी ही एक; चारही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. भारतीय कायद्यात ‘गिग कामगार’ हा शब्द प्रथमच आला, त्याचं स्वागत झालं, मीही केलं. पण व्याख्या नीट वाचा: पारंपरिक मालक–कामगार नात्याच्या बाहेर राहून काम करणारा आणि कमावणारा. शिलाईच्या दुकानाच्या निकालाने जे दार उघडं ठेवलं होतं ते या एका वाक्याने निदान अर्धं लोटलं. तुमच्या मुलाचा वकील उद्या उभा राहून ‘हा कामगारच आहे’ म्हणाला, तर समोरचा ही व्याख्या वाचून दाखवेल.

बदल्यात काय मिळालं? ॲपच्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम एका निधीत भरायची, पण ती त्या कामगारांना दिल्या जाणाऱ्या रकमेच्या 5 टक्क्यांवर जायची नाही. त्यातून अपघात विमा, आरोग्य, प्रसूती, म्हातारपणीची सोय अशा योजना. डिसेंबर 2025 च्या मसुदा नियमांत पात्रतेसाठी वर्षात एका ॲपवर 90 दिवस, किंवा अनेक ॲपवर मिळून 120 दिवस काम, अशी अट आहे. हे वाईट नाही, आधी शून्य होतं. पण यात किमान वेतन नाही, कामाच्या तासांना मर्यादा नाही, आणि आयडी बंद करण्यापूर्वी कारण द्यायची सक्ती नाही. कर्नाटकने 2025 च्या आपल्या कायद्यात हा शेवटचा भाग घेतला, करार संपवण्यापूर्वी कारणासह 14 दिवसांची नोटीस. राजस्थानने त्याआधी, 2023 मध्ये, देशातला पहिला असा कायदा केला होता, पुढे अंमलबजावणी रेंगाळली. महाराष्ट्रात मी हे लिहीपर्यंत असा स्वतंत्र कायदा नाही, आणि याचं मला खास वाईट वाटतं; का ते पुढे सांगतो.

त्याआधी यजमानांच्या भीतीकडे येतो. ती अगदी खोटी नाही, फक्त त्यांनी बोट चुकीच्या जागी ठेवलंय. कंपनीत उद्या ॲप येईल असं मला वाटत नाही. असेंब्ली लाईन ‘पाहिजे तेव्हा लॉगिन’वर चालत नाही. पण ॲपने एक सवय लावलीय, ती येईल. कारखान्यात मशीन बिघडलं, माल आला नाही, ऑर्डर कमी झाली, तर तो दिवस कोणाच्या खिशातून जातो? जुन्या कायद्याचं उत्तर होतं, मालकाच्या. हजर झालेल्याची पाळी भरायची, आणि ले-ऑफ दिला तरी निम्मा पगार द्यायचा. सगळ्या कामगार कायद्याचं पोट म्हणजे ही एक गोष्ट आहे: धंद्यातली मंदी कामगाराच्या ताटातून वसूल करायची नाही. ॲपने ही जोखीम पूर्ण उलटी केली. दुपारी तीन ते सहा ऑर्डर नाही, तर ते तीन तास रायडरचे. पाऊस आला, गाडी घसरली, हॉटेलने अर्धा तास लावला, सगळं त्याचं. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, फोनसुद्धा त्याचा.

माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी हा हिशेब कागदावर करायला लावतो. समजा अकरा तासांत 950 रुपये आले. 110 किलोमीटर गाडी फिरली, त्याचं पेट्रोल 250. टायर, चेन, ऑइल, सर्व्हिसिंग धरून दिवसाला 100. गाडीचा हप्ता दिवसावर काढला तर 110. हातात 490, म्हणजे तासाला 45 रुपयांच्या आत. पोरं 950 हा आकडा सांगतात, कारण ॲप तोच दाखवतं. तुमच्या मुलालाही एक आठवडा वही घालायला सांगा.

तरी तो म्हणतो ठेकेदारापेक्षा बरं, आणि त्यात तथ्य आहे. ठेकेदाराकडे बारा तास उभं राहून किमान वेतनातूनही कापाकापी, सुपरवायझरची शिवीगाळ, ‘ट्रेनी’च्या नावाखाली वर्षं वाया. ॲपवर निदान आठवड्याला पैसे येतात आणि ‘उद्या येत नाही’ म्हणता येतं. चाकण-रांजणगावचे ठेकेदार माझ्यासमोर तक्रार करतात, की पोरं डिलिव्हरीला पळतात म्हणून आता जास्त द्यावं लागतं. मला ते ऐकून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. ॲपमुळे जिथे खरंच नोकऱ्या गेल्या ती जागा वेगळी आहे: हॉटेलांचे आणि किराणा दुकानांचे स्वतःचे डिलिव्हरीवाले. पगार तुटपुंजा, पण तो दुकानाचा माणूस होता, आणि दुकानाचा मालक गल्ल्यावर बसलेला असे. कारखान्याकडे मात्र यजमानांनी ॲपऐवजी त्या चारपैकीच एका, औद्योगिक संबंध संहितेकडे बघावं: ले-ऑफ, कपात किंवा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी लागायची कामगारसंख्येची मर्यादा 100 वरून 300 वर गेलीय, आणि ठरावीक मुदतीच्या नेमणुका देशभर उघड्या झाल्यात. त्यांच्या युनियनने चर्चा करायची ती याची.

आता माझं दुखणं. ‘मालक कोण’ हा वाद न सोडवताही कामगाराला संरक्षण देता येतं, हे सिद्ध करणारा कायदा महाराष्ट्राने 1969 मध्येच केला: माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेला. मुंबईच्या बाजारात हमाल आज या व्यापाऱ्याची पोती उचलायचा, तासाने त्या व्यापाऱ्याची. कोणाचा कामगार म्हणायचा? प्रत्येक व्यापारी म्हणायचा, माझा नाही. रायडरसारखीच गत. कायद्याने हा प्रश्न सोडवलाच नाही, त्याला वळसा घातला. सरकार, व्यापारी आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी असलेलं मंडळ. व्यापाऱ्याने नोंदणी करायची, कामगाराने करायची. काम झालं की मजुरी आणि तिच्यावर ठरावीक जादा रक्कम, म्हणजे लेव्ही, मंडळात भरायची. मंडळ मजुरी टोळीच्या हिशेबाने वाटतं आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, दवाखाना. दहा व्यापाऱ्यांकडे काम केलेल्या हमालाचा फंड एकाच खात्यात साठतो. पुढे 1981 मध्ये हाच साचा खाजगी सुरक्षारक्षकांना लावला.

माथाडीत आज काय काय शिरलंय ते मला माहीत आहे. काम न करता ‘माथाडी’ म्हणून हप्ते मागणाऱ्यांचा त्रास कारखानदार खोटा सांगत नाहीत. पण ॲपच्या बाबतीत तो धोकाच कमी आहे, कारण कोणी किती ऑर्डरी नेल्या याची नोंद सेकंदासकट आहे. 1969 मध्ये मुकादमाच्या वहीवर जे चाललं ते आज सर्व्हरवर चालणार नाही? दर ऑर्डरला लेव्ही, ती रायडरच्या एका नंबरवर, मग तो सकाळी एका ॲपवर असो की रात्री दुसऱ्या. आणि आयडी बंद करायचा तर मंडळासमोर कारण द्यायचं. नोटीस पाठवायला मला एक पत्ता मिळेल. माथाडी मंडळाचा पत्ता अजून एकदाही परत आलेला नाही.

मुलासाठी आत्ता करायच्या गोष्टी. ई-श्रम या सरकारी पोर्टलवर प्लॅटफॉर्म कामगार म्हणून नोंदणी करून घ्या. पुढच्या योजनांची दारं तिथूनच उघडणार आहेत. दर आठवड्याच्या पेआऊटचा स्क्रीनशॉट स्वतःच्या ईमेलला पाठवून ठेवायचा, कारण आयडी बंद झाला की ॲपमधला सगळा इतिहासही बंद होतो. 90 दिवस भरले हे तेव्हा कशाने दाखवणार? ॲपचा अपघात विमा ऑर्डर हातात असतानाच लागू आहे की नुसत्या लॉगिनवर, ते पॉलिसीत वाचायचं, पार्टनरच्या ग्रुपवर विचारायचं नाही. अपघात झालाच तर आधी दवाखान्याच्या केसपेपरवर ‘रस्ता अपघात’ लिहिलं जाईल असं बघायचं आणि पोलिसांत नोंद करायची. मोटार अपघात न्यायाधिकरणात दाव्याला कायद्याने सहा महिन्यांची मुदत आहे, आणि पोरं हाड जुळेपर्यंत तेवढा वेळ घालवून बसतात.

आणि एक गोष्ट आज रात्रीच बघा. तो चालवतो ती गाडी कोणाच्या नावावर आहे? गाडीच्या विम्याबरोबर मालक-चालकाचा 15 लाखांचा जो व्यक्तिगत अपघात विमा येतो, तो आरसी बुकावर नाव असलेल्या माणसालाच लागतो. गाडी यजमानांच्या नावावर असेल तर तो विमा यजमानांचा आहे, मुलाचा नाही. शिवाय पॉलिसी खाजगी वापराची असेल आणि डिलिव्हरी करताना गाडी मोडली, तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम कंपनी नाकारू शकते. आरसी, पॉलिसी आणि ॲपवरचा करार अशा तिन्ही प्रती घेऊन मुलाला पाठवा. मी शनिवारी दुपारी ऑफिसात असतो.